तरुण ताऱ्यांचे जथे : शेजारच्या दीर्घिकांतील तारानिर्मितीचा आढावा

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असे हे भारतातले पहिले उद्यान, आशियातले पाचवे. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा बफर क्षेत्रातल्या गावांमधले शंभरावर दिवे बदलले गेले आणि त्यांचा उजेड खाली जमिनीकडे वळवला गेला. हिवाळ्यातल्या अमावास्येला इथून तीन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात : कृत्तिकांचा पुंजका, मृग नक्षत्रातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिकेचा लांबट, फिकट डाग. कृत्तिकांचे तारे दहा-बारा कोटी वर्षांचे आहेत. मृगातल्या तेजोमेघात तारे अजून जन्मत आहेत. देवयानी तर २५ लाख प्रकाशवर्षांवरची स्वतंत्र दीर्घिका, आणि तिच्या सर्पिल भुजांमध्ये असे तेजोमेघ व असे गुच्छ शेकड्यांनी आहेत.

या तिन्हींना जोडणारा प्रश्न गेली पाऊणशे वर्षे खगोलशास्त्रात चर्चेत आहे. तारे जन्मतात ते घट्ट गुच्छांत की सैल जथ्यांत? ते जथे टिकतात किती आणि विखुरतात कसे? तारानिर्मितीचा एकच नियम सगळ्या दीर्घिकांना लागू पडतो, की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नावर मोठे काम झाले असून त्यात महाराष्ट्रातल्या संस्थांचाही वाटा आहे. ही चर्चा आज कुठे येऊन ठेपली आहे, याचा हा आढावा.

शेजारच्या दीर्घिकाच का?

सूर्यासारखा तारा सुमारे एक हजार कोटी वर्षे जगतो. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा मात्र कोटभर वर्षेही पुरी करत नाही. तो प्रखर निळा असतो, अतिनील किरण ओततो आणि सुपरनोव्हा होऊन संपतो. म्हणून जिथे निळ्या, तापलेल्या ताऱ्यांचा जथा दिसतो, तिथे तारे नुकतेच जन्मले आहेत हे नक्की. असा जथा तारानिर्मितीचे ठिकाणही सांगतो आणि काळही.

असे जथे आपल्या आकाशगंगेतही आहेत. अडचण अशी, की आपण तिच्या तबकडीच्या आतच आहोत. धुळीमुळे पलीकडचे दिसत नाही आणि कोणता जथा किती दूर, हे ठरवणे अवघड जाते. शेजारची दीर्घिका बाहेरून, अख्खी दिसते आणि तिच्यातले सगळे काही आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असते. त्याची किंमत द्यावी लागते ती तपशिलात. देवयानी किंवा त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ या दीर्घिकांमध्ये सुटे तारे मोजता येतात. पाच-सहा कोटी प्रकाशवर्षांवर मात्र एक अख्खा गुच्छ एका ठिपक्यात मावतो. या विषयातले बरेच मतभेद याच मर्यादेतून निघाले आहेत.

पार्श्वभूमी

विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये एम ३३ मध्ये एक तेजस्वी डाग नोंदवला. तोच आजचा एनजीसी ६०४. त्या काळी दीर्घिका म्हणजे काय, हेच माहीत नव्हते. एडविन हबल यांनी देवयानी आणि एम ३३ मधल्या सेफीड ताऱ्यांवरून त्यांची अंतरे काढली. ते काम १९२५ च्या आरंभी जाहीर झाले आणि या दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत, हे पक्के झाले. वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये देवयानीतल्या ताऱ्यांचे दोन वर्ग केले : भुजांमधले तरुण निळे आणि गाभ्यातले म्हातारे तांबडे.

निर्णायक पाऊल आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी १९४७ मध्ये टाकले. तापलेल्या निळ्या ताऱ्यांचे काही जथे इतके विरळ आहेत की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने ते एकत्र टिकूच शकत नाहीत, हे त्यांनी दाखवले. जे टिकणारच नाही ते अजून दिसते आहे, याचा अर्थ ते अलीकडचे आहे. तारे आजही जन्मत आहेत, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

पुढच्या काळात दोन आधारस्तंभ उभे राहिले. एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये, जन्मणाऱ्या ताऱ्यांत जड किती आणि हलके किती याचे गणिती वाटप मांडले. मार्टिन श्मिट यांनी १९५९ मध्ये वायूची घनता आणि तारानिर्मितीचा वेग यांचे नाते सुचवले. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये अनेक दीर्घिकांवर ते तपासून पक्के केले. २००३ मध्ये चार्ल्स आणि एलिझाबेथ लाडा यांनी आकाशगंगेपुरता एक हिशेब दिला : बहुसंख्य तारे धुळीत दडलेल्या गुच्छांमध्ये जन्मतात, पण वायू उडून गेल्यावर त्यातले फार थोडे गुच्छ, जेमतेम चार ते सात टक्के, गुरुत्वाकर्षणाने बांधलेले राहतात. पुढची जवळपास सगळी चर्चा या हिशेबाला पाठिंबा देणारी किंवा त्याला आव्हान देणारी आहे.

दोन तेजोमेघ, दोन तऱ्हा

वाद समजून घ्यायला दोन ठिकाणे जवळून पाहावीत. पहिले एनजीसी ६०४. याचा पसारा सुमारे पंधराशे प्रकाशवर्षांचा; मृगातला तेजोमेघ यापुढे अगदी लहान. याच्या पोटात दोनशेच्या आसपास तापलेले, जड तारे आहेत आणि वय तीस-पस्तीस लाख वर्षे. हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत दिसते ते असे, की हे तारे एका ठिकाणी गोळा झालेले नाहीत. वायूच्या पोकळ्यांमध्ये ते छोट्या-छोट्या घोळक्यांनी पसरले आहेत, आणि मधोमध एखादा राजा म्हणावा असा गुच्छ नाही.

दुसरे ठिकाण मोठ्या मॅगेलन मेघातले ३० डोराडस, आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. ते इतक्या दक्षिणेला आहे की नागपूरहून जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या मध्यभागी आर १३६ हा अत्यंत दाट गुच्छ आहे. आजवर मोजलेल्या सर्वांत जड ताऱ्यांपैकी काही इथलेच. आर १३६ए१ चे वस्तुमान २०१० मध्ये सूर्याच्या २६५ पट निघाले होते, पुढच्या मोजमापांत ते दोनशेच्या आसपास आले.

दोन्ही तेजोमेघ तोलामोलाचे, दोन्ही तरुण, पण एक विखुरलेला आणि दुसरा घट्ट. सैल जथा हा मोडलेला गुच्छ असतो, ही समजूत एनजीसी ६०४ पुढे अडखळते, कारण एवढ्या कमी वयात मोडून इतके पसरायला वेळच मिळालेला नाही.

साधने : अवकाशात आणि खोडदच्या माळावर

अतिनील किरण वातावरणातला ओझोन शोषून घेतो, त्यामुळे तरुण तारे नीट पाहायचे तर वर जावे लागते. अमेरिकेच्या ‘गॅलेक्स’ उपग्रहाने २००३ पासून दहा वर्षे हे काम केले. त्याच्या प्रतिमांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : एम ८३ सारख्या दीर्घिकांमध्ये दिसणाऱ्या तबकडीच्या कितीतरी बाहेर, विरळ वायूतही तरुण ताऱ्यांचे ठिपके आहेत. मात्र गॅलेक्सची नजर पाच विकलांच्या आसपास, म्हणजे शेजारचे जथे एकमेकांत मिसळून दिसायचे.

ही उणीव भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ने भरून काढली. तो २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून निघाला. त्यावरची ‘युव्हिट’ ही अतिनील दुर्बीण म्हणजे पावणेचारशे मिलिमीटर व्यासाच्या दोन जुळ्या दुर्बिणी. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याचे आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांचे हे एकत्र काम. आयुकाचे श्याम टंडन त्यामागच्या प्रमुख व्यक्तींपैकी एक. ही दुर्बीण येणारे फोटॉन एकेक करून टिपते. सेकंदाला सुमारे २९ चौकटी घेतल्या जातात. उपग्रह हलल्यामुळे चौकटी सरकतात; ती सरक मोजून, दुरुस्त करून, जमिनीवर सगळ्या चौकटी एकावर एक बसवल्या जातात. त्यातून दीड विकलांपर्यंतची धार मिळते आणि एका वेळी जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढे आकाश दिसते. २०१८ मध्ये तिची निकट-अतिनील वाहिनी बंद पडली, तरी दूर-अतिनील वाहिनीवर काम चालू राहिले.

हबल दुर्बिणीच्या ‘लेगस’ प्रकल्पाने ५० जवळच्या दीर्घिकांमधले गुच्छ पाच रंगपट्ट्यांत टिपले. ‘फॅट’ प्रकल्पाने देवयानीच्या एका मोठ्या भागातले ११ कोटींहून अधिक सुटे तारे नोंदवले. चिलीतल्या ‘अल्मा’ रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यावर ‘फँग्ज’ प्रकल्पाने ९० दीर्घिकांमधले थंड वायूचे ढग मोजले. त्यातल्या १९ दीर्घिका जेम्स वेब दुर्बिणीनेही पाहिल्या आणि धुळीआड दडलेले जन्म उघडे पडले.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी टिपून कच्चा माल किती आणि कुठे आहे, हे ती सांगते. अतिनील किरणांत जन्मलेले तारे दिसतात, रेडिओत न जन्मलेल्यांचा साठा दिसतो. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय या विषयात पाऊल पुढे पडत नाही.

जिथे एकमत झाले आहे

पहिली मान्य गोष्ट : तारानिर्मिती संथ आहे. एखादा वायूचा ढग स्वतःच्या वजनाने कोसळायला काही दशलक्ष वर्षे पुरतात. पण तेवढ्या वेळात वायूतला जेमतेम एक टक्का भाग ताऱ्यांत जातो. नेहमीच्या सर्पिल दीर्घिकांमध्ये रेणुरूप वायूचा साठा सध्याच्या वेगाने संपायला सुमारे दोनशे कोटी वर्षे लागतील.

दुसरी : तारानिर्मितीला उतरंड आहे. वाडीत घरे, गावात वाड्या, तालुक्यात गावे, तसे गुच्छ सैल जथ्यांत, जथे मोठ्या संकुलांत आणि संकुले सर्पिल भुजांत वसलेली असतात. रशियाचे युरी एफ्रेमोव्ह यांनी हे चित्र मांडले. लेगसने ते अनेक दीर्घिकांवर तपासले. युव्हिटच्या आधारे चयन मंडल, अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ७७९३ या दीर्घिकेतले तरुण पुंजके नोंदवले, तिथेही हीच रचना आढळली. वय वाढते तशी ही उतरंड पुसट होत जाते, यावरही फारसा वाद नाही.

तिसरी : जड तारे आपल्या जन्मदात्या ढगाला लवकर फोडतात. प्रकाशाचा दाब, ताऱ्यांवरून सुटणारे वारे आणि तापलेला वायू यांच्या जोरावर, बऱ्याचदा पहिला सुपरनोव्हा फुटण्याआधीच वायू बाजूला सारला जातो. फँग्जच्या मोजमापांत जड तारे दिसू लागल्यापासून ढग फुटेपर्यंतचा काळ एक ते पाच दशलक्ष वर्षांचा निघाला.

जिथे मतभेद आहेत

*जन्म गुच्छात की बाहेर?* एकूण ताऱ्यांपैकी किती टक्के बांधलेल्या गुच्छांत जन्मतात, यावर दोन गट आहेत. डिडेरिक क्रुइसेन यांच्या २०१२ च्या सिद्धांतानुसार वायूचा दाब जितका जास्त, तितका हा वाटा मोठा. देवयानीतल्या शांत वातावरणात फॅटच्या चमूला तो अवघा चार ते आठ टक्के मिळाला, आणि तो या सिद्धांताशी जुळतो. दुसऱ्या बाजूला रूपाली चंदर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शांत ते खळबळजनक अशा अनेक दीर्घिकांचा अभ्यास करून, एक कोटी वर्षांखालच्या गुच्छांत हा वाटा सगळीकडे चोवीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे मांडले. वेगवेगळ्या वयांचे गुच्छ एकत्र तोलल्यामुळे फरक भासतो, असे त्यांचे म्हणणे. यावर पहिला गट उत्तर देतो, की इतक्या कमी वयात बांधलेला गुच्छ आणि योगायोगाने जवळ असलेले तारे वेगळे ओळखताच येत नाहीत. दोन्ही बाजूंचे आक्षेप दखलपात्र आहेत.

गाया उपग्रहाने आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या गती मोजल्यावर या वादाला नवे वळण मिळाले. सैल जथे एका केंद्रापासून पसरत असतील, तर ताऱ्यांच्या गती त्या केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या दिसायला हव्यात. जेकब वॉर्ड, क्रुइसेन आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांना २०२० मध्ये बहुतेक जथ्यांत तसे आढळले नाही. म्हणजे एनजीसी ६०४ सारखे जथे जन्मतःच सैल असावेत.

*गुच्छ मरतात कसे?* मायकेल फॉल, चंदर आणि ब्रॅडली व्हिटमोर यांनी अँटेना दीर्घिकांवरून २००५ मध्ये मांडले, की वय दसपट होईपर्यंत सुमारे नव्वद टक्के गुच्छ नाहीसे होतात, मग ते जड असोत की हलके. हेनी लामर्स, मार्क गीलेस, नेट बास्टियन यांचा गट म्हणतो, की जड गुच्छ जास्त टिकतात आणि दीर्घिकेत जिथे मोठे ढग जास्त, तिथे गुच्छ लवकर मोडतात. एम ८३ या एकाच दीर्घिकेच्या हबल प्रतिमांवर दोन्ही गटांनी काम केले, तरी निष्कर्ष जुळले नाहीत. एकाने सममित, घट्ट गुच्छच यादीत घेतले, दुसऱ्याने विस्कळीतही घेतले, हे त्यामागचे एक मोठे कारण.

*ढगांचे आयुष्य किती?* मेलनी शेवान्स आणि फँग्जचे सहकारी रेणुरूप ढगांना दहा ते तीस दशलक्ष वर्षांचे आयुष्य देतात : ढग जमतो, तारे करतो, फुटतो. जिन कोडा आणि निक स्कोव्हिल यांनी एम ५१ च्या अभ्यासातून वेगळे चित्र काढले. मोठे ढग भुजेतून बाहेर पडताना मोडतात, पण त्यांचे तुकडे रेणुरूपातच दीर्घकाळ टिकतात, आणि पुढच्या भुजेत पुन्हा एकत्र येतात.

*जड-हलक्यांचे प्रमाण सर्वत्र सारखे?* डॅनियल वाइझ आणि सहकाऱ्यांनी देवयानीतल्या ८५ तरुण गुच्छांवरून ते सारखेच असल्याचे दाखवले, साल्पीटरपेक्षा किंचित कमी जड ताऱ्यांचे. पण ३० डोराडसमध्ये फॅबियन श्नायडर यांच्या चमूला २०१८ मध्ये सूर्याच्या तीसपटीहून जड तारे अपेक्षेपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त मिळाले. पावेल क्रोउपा यांच्या मते छोटा गुच्छ फार जड तारा घडवूच शकत नाही. तर डॅनिएला काल्झेट्टी यांच्या चमूला छोट्या गुच्छांची बेरीज करून पाहिली असता जड ताऱ्यांची तूट दिसली नाही.

विरळ वायूचे कोडे

सगळ्यांत मूलभूत कोडे लहान, फिकट दीर्घिकांत आहे आणि इथे महाराष्ट्राचे योगदान ठळक आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगळूर आणि इगोर काराचेंत्सेव्ह यांनी जीएमआरटीवर ‘फिग्ज’ हे फिकट बटू दीर्घिकांचे सर्वेक्षण केले. एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेत हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या आठपटीहून दूर पोचलेली त्यांना आढळली. कच्चा माल विपुल आणि तारे मोजके. साम्बित रॉयचौधुरी आणि चेंगळूर यांच्या पुढच्या अभ्यासांतून असे दिसले, की अशा ठिकाणी वायूचे तारे होण्याचा वेग सर्पिल दीर्घिकांच्या मानाने फार मंद आहे, तरी तो ठराविक घनतेखाली एकदम थांबतही नाही.

याच वर्गातल्या आयसी २५७४ मध्ये हायड्रोजनची मोठमोठी पोकळ कवचे आहेत. युव्हिटच्या प्रतिमांत त्यातल्या काहींच्या कडांवर तरुण ताऱ्यांचे पुंजके दिसतात, म्हणजे एका पिढीच्या स्फोटांनी ढकललेला वायू पुढची पिढी घडवतो, असे मानायला जागा आहे. सगळ्याच कवचांना हे लागू पडत नाही. डेनिस लीही यांच्या चमूने याच दुर्बिणीने देवयानीचा अतिनील नकाशा केला, तेव्हा म्हाताऱ्या ताऱ्यांचा मानलेल्या गाभ्यातही काही तरुण, तापलेले तारे आढळले. नियम घडवताना वगळलेल्या जागांमध्येही तारे जन्मत आहेत, हा या सगळ्या कामाचा मोठा धडा.

आजचे चित्र आणि पुढचे काम

गोळाबेरीज अशी : तारानिर्मिती संथ आहे, तिला उतरंड आहे आणि ती स्वतःच स्वतःला आवर घालते, हे ठरले. घट्ट गुच्छ ही सगळ्या ताऱ्यांची जन्मखोली आहे, हे जुने चित्र मागे पडले. बहुतेक तारे सैल जथ्यांत जन्मतात आणि दाट जागी गुच्छ उरतात, या बाजूला पुराव्यांचे पारडे झुकले आहे. दाबाबरोबर गुच्छांचा वाटा बदलतो का, गुच्छांच्या मृत्यूत वस्तुमानाचा हात किती, आणि विरळ वायूत तारे पेटवतो कोण, हे तीन प्रश्न उघडे आहेत. यादीत कोणते गुच्छ घ्यायचे याचा समान निकष ठरवून, एकाच दीर्घिकेवर सगळ्या गटांनी एकत्र काम केल्याशिवाय पहिले दोन सुटणार नाहीत. तिसऱ्यासाठी हायड्रोजनचे आणखी बारीक नकाशे लागतील. भारताचा सहभाग असलेली ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही रेडिओ दुर्बीण ते देईल, अशी अपेक्षा आहे.

आणि शेवटी विदर्भातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना एक विनंती. ॲस्ट्रोसॅटची बरीच निरीक्षणे इस्रोच्या संग्रहात आणि लेगस व फँग्जच्या गुच्छांच्या याद्या जगभर कुणालाही मोफत खुल्या आहेत. त्यांच्यावर काम करायला दुर्बीण लागत नाही. संगणक, थोडे सांख्यिकीचे ज्ञान आणि चिकाटी पुरते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी एक दीर्घिका निवडा, तिच्या तरुण पुंजक्यांची वये आणि जागा स्वतः काढा आणि प्रसिद्ध निष्कर्षांशी ताडून पाहा. वर सांगितलेले वाद मिटवायला अशाच स्वतंत्र मोजण्या हव्या आहेत, आणि त्या नागपुरात बसूनही करता येतात.